तसबिरीचा घोटाळा आणि टाळ्यांचा निवाडा

पती-पत्नीचे भांडण हा मराठी माणसाच्या विनोदाचा फार जुना विषय आहे. भारुडात, तमाशाच्या बतावणीत, संगीत नाटकात, दिवाळी अंकातील व्यंगचित्रात आणि आकाशवाणीच्या श्रुतिकेत हे भांडणारे जोडपे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या भेटत आले आहे. त्याच्यावर हसताना आपण कोणाचा अपराध करीत आहोत असे आपल्याला कधी वाटले नाही, आणि तसे वाटण्याचे कारणही नव्हते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र दूरचित्रवाणीने या विनोदाचे एक निराळे रूप घरोघरी आणले. त्यात जोडपे काल्पनिक नसते. नवरा खरा, बायको खरी आणि तक्रारही खरी. समोर परीक्षक बसतात, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि कार्यक्रम संपण्यापूर्वी कोण बरोबर आणि कोण चूक याचा निकाल लागतो. सारे काही गमतीने, उपहासाच्या अंगाने चाललेले असते. ‘हसण्यावारी न्यावे, एवढे गंभीर काय आहे त्यात?’ असे कोणी विचारले तर चटकन उत्तर देता येत नाही. ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आपल्याच रंगभूमीवरील दोन नाटके फार उपयोगी पडतात.

प्रथम या कार्यक्रमांचे स्वरूप पाहू. अमेरिकेत २०१० साली ‘द मॅरेज रेफ’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. रेफ म्हणजे रेफरी, खेळातील पंच. विनोदी नट जेरी साइनफेल्ड हे त्याचे निर्माते होते आणि टॉम पापा हे विनोदकार पंचाच्या जागी होते. एखाद्या जोडप्याच्या घरातील भांडणाचे चित्रण दाखवायचे, मंचावर बसलेल्या नामवंतांनी त्यावर कोट्या करायच्या आणि शेवटी पंचाने नवरा जिंकला की बायको हे जाहीर करायचे, अशी त्याची रचना होती. भांडणे क्षुल्लकच निवडली जात. मेलेल्या लाडक्या कुत्र्यात पेंढा भरून तो घरात ठेवावा असे एका पतीला वाटत होते आणि पत्नीला ते नको होते, हा त्यांपैकी एक वाद. असा वाद ऐकून हसू न येणारा माणूस विरळा. कल्पना उपहासाचीच होती. नवरा-बायकोच्या भांडणाला फुटबॉलच्या सामन्यासारखा पंच असता तर काय मजा आली असती, या गमतीच्या प्रश्नातून हा कार्यक्रम जन्मला. २०११ साली तो बंद पडला.

आपल्याकडे हा प्रकार इतक्या हलक्या हाताने आला नाही. २००८ साली ‘स्टार प्लस’वर किरण बेदी यांची ‘आप की कचहरी’ सुरू झाली. तिच्यात घरगुती तंटे घेऊन सामान्य माणसे येत आणि बेदी त्यांचा निवाडा करीत. त्यात विनोद नव्हता. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचा अधिकार आणि काहीसा मातृवत् दरारा होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, त्याच वाहिनीवर ‘सच का सामना’ आला. त्यात स्पर्धकाला आधी पॉलिग्राफ या खोटे पकडणाऱ्या यंत्रावर बसवून प्रश्न विचारले जात आणि नंतर तेच प्रश्न मंचावर, पती, पत्नी, आईवडील समोर बसलेले असताना पुन्हा विचारले जात. एकवीस प्रश्नांची खरी उत्तरे दिल्यास एक कोटी रुपये मिळणार होते. विवाहबाह्य संबंध, मनातली लालसा, जोडीदाराविषयीचा तिटकारा असे सारे विषय त्या प्रश्नांत येत. उत्तर दिल्यावर यंत्राचा कौल ऐकू येई आणि कॅमेरा पतीच्या किंवा पत्नीच्या चेहऱ्यावर जाऊन थांबे. संसदेतही या कार्यक्रमावर आक्षेप घेतला गेला. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात असा निर्णय दिला की पॉलिग्राफसारखी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही आणि संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हा स्वतःहून पुरावा ठरणार नाही. म्हणजे चोराला दोषी ठरवण्यासही जे यंत्र अपुरे, तेच एका संसाराचा निकाल लावण्यास पुरेसे मानले गेले होते.

त्यानंतर हा प्रवाह पुन्हा गमतीकडे वळला. २०२५ साली ‘कलर्स’ वाहिनीवर आलेल्या ‘पती पत्नी और पंगा’ मध्ये नामवंत जोडपी खेळ खेळत एकमेकांच्या तक्रारी सांगताना दिसली. त्या मंडळींना कॅमेऱ्याची सवय असते, आणि काय सांगावे व काय झाकावे याचा हिशेब त्यांनी आधीच केलेला असतो, असे समजण्यास हरकत नाही. परंतु पाहणारे तुम्ही-आम्ही आपल्या घरी बसून शिकतो ते वेगळेच. जोडीदाराची तक्रार चारचौघांत खुमासदारपणे सांगणे ही एक कला आहे, आणि तिला टाळ्या मिळतात, हे आपण शिकतो.

मराठी भाषेने या बाबतीत एक शहाणपण जपून ठेवले आहे. खटला आपण ‘जिंकतो’ किंवा ‘हरतो’. भांडण मात्र आपण ‘मिटवतो’. भांडण जिंकल्याची भाषा आपण करतो तेव्हा ते मिटलेले नसते. तसेच, दोघांच्या भांडणात पडणाऱ्या तिसऱ्या माणसाला आपण ‘मध्यस्थ’ म्हणतो, म्हणजे मध्ये उभा राहणारा. तो वरच्या आसनावर बसत नाही. आणि जे घरात राहावयास हवे होते ते बाहेर गेले की ते ‘चव्हाट्यावर आले’ असे म्हणतो. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा, जिथून जाणारा-येणारा कोणीही थांबून पाहू शकतो आणि कोणीही थांबण्यास बांधलेला नसतो. दूरचित्रवाणीवरील हा कार्यक्रम म्हणजे असा चव्हाटाच होय. तेथील परीक्षक मध्यस्थ नसतो, कारण त्याला दोघांत समेट घडवावयाचा नसून निकाल द्यावयाचा असतो. प्रेक्षक शेजारी नसतात, कारण उद्या सकाळी त्यांना त्या जोडप्याला तोंड दाखवावयाचे नसते.

आता आपल्या रंगभूमीकडे वळू. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे प्रहसन लिहिले. पुढे त्यात पदे घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ सिद्ध झाले आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी देवलांचे निधन झाले. मूळ कथा परदेशातील आहे. फ्रेंच नाटककार मोलियेर याचे १६६० सालचे ‘स्गानारेल’, त्यावरून आयरिश लेखक आर्थर मर्फी याने १७६१ साली रचलेले नाटक आणि त्यावरून देवलांचे, अशी ही परंपरा. परंतु देवलांनी ते इतके आपल्या मातीत रुजवले की बहुतेक पुरुषपात्रांना महिन्यांची आणि स्त्रीपात्रांना नक्षत्रांची नावे देऊन जणू सारे मराठी पंचांगच रंगमंचावर उभे केले. फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट आणि भादव्या एकीकडे. कृत्तिका, रेवती, रोहिणी दुसरीकडे.

कथेचा कणा एक तसबीर आहे. रस्त्यात मूर्च्छा आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका ते नेमके पाहते. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर पडते आणि ती कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर कौतुकाने न्याहाळणारी बायको फाल्गुनरावाच्या दृष्टीस पडते. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हातात पाहून अश्विनशेटला रेवतीचा संशय येतो. प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच घडलेले आहे. कोणीही खोटे सांगत नाही. असे असूनही प्रत्येकाने लावलेला अर्थ चुकीचा आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मराठी प्रेक्षक या नाटकाला हसत आला, त्याचे कारण हेच की प्रेक्षकाला सर्व बाजू ठाऊक असतात आणि पात्रांना एकेकच बाजू ठाऊक असते. प्रेक्षक तेथे न्यायाधीश नसतो. निवाडा करण्याची गरजच नसते, कारण कोणी अपराधी नाही हे त्याला पहिल्यापासून माहीत असते. तो हसतो तो माणसाच्या संशयी स्वभावाला, आणि घरी जाताना आपल्यातलाही एखादा फाल्गुनराव त्याला ओळखू येतो.

देवलांनी मूळ नावात वापरलेला ‘तसबिरीचा घोटाळा’ हा शब्दप्रयोग मला आजच्या या कार्यक्रमांचे अचूक वर्णन वाटतो. दूरचित्रवाणी आपल्यापुढे एका संसाराची तसबीर ठेवते. ती खोटी असेलच असे नाही. पत्नीने मारलेला टोमणा खरा, पतीचे आठ्या पडलेले कपाळ खरे. परंतु त्या टोमण्यामागची वीस वर्षे त्या तसबिरीत नसतात. संकलकाच्या कात्रीतून जेवढे सुटले तेवढेच आपण पाहतो आणि फाल्गुनरावाप्रमाणे तेवढ्यावरच निष्कर्ष काढतो. फरक इतकाच की नाटकात चौथी बाजू प्रेक्षकाला ठाऊक असते आणि इथे ती कोणालाच ठाऊक नसते. देवलांच्या प्रेक्षकाला सर्वज्ञाचे स्थान होते. या प्रेक्षकाला मत देण्याचा अधिकार मिळाला, पण माहिती फाल्गुनरावाइतकीच.

दुसरे नाटक विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७ साली ‘रंगायन’ ने ते अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले आणि सुलभा देशपांडे यांनी त्यात लीला बेणारे साकारली. एक हौशी नाटकमंडळी खेड्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी आलेली आहे. प्रयोगाला वेळ आहे, म्हणून वेळ घालवण्यासाठी आणि गावातल्या सामंत नावाच्या साध्या तरुणाला कोर्टाची रीत समजावी म्हणून लुटुपुटुचा खटला सुरू होतो. आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभे करतात. खेळ म्हणून सुरू झालेला हा खटला हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्यात शिरतो. ती अविवाहित असून गर्भवती आहे, त्या मुलाचा पिता प्रोफेसर दामले आहे, हे सारे खेळाच्या नावाखाली बाहेर काढले जाते. शेवटी शिक्षा फर्मावली जाते ती तिच्या पोटातल्या बाळाला. ते नष्ट करावे, असा तो निकाल. आणि मग सगळे म्हणतात, मनाला लावून घेऊ नका, हा तर खेळ होता.

या नाटकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी येथे फक्त दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. पहिली म्हणजे या नाटकातील जोडपे. काशीकर आणि त्यांच्या पत्नी यांना मूल नाही. चारचौघांत ते एकमेकांवरचे प्रेम दाखवतात. तो तिच्यासाठी गजरा घेतो, ती त्याच्यासाठी बुशशर्ट घेते. पण ती बोलू लागली की तो तिला सतत गप्प करतो. त्या संसारातले दुःख नाटकभर कोणी विचारीत नाही, कारण ते दोघेही दुसऱ्याचा न्याय करण्यात गुंतलेले आहेत. नवरा न्यायाधीशाच्या खुर्चीत आहे, आणि नवऱ्यापुढे ज्या बाईला तोंड उघडता येत नाही, तीच बेणारेला ओढून आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. आपल्या घरातले न मिटलेले भांडण विसरण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या घरातल्या भांडणाचा निकाल देणे, हे तेंडुलकरांनी दूरचित्रवाणी घरोघर पोहोचण्याच्या कितीतरी आधी दाखवले. रात्री जेवणानंतर एकाच कोचावर बसून, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, पडद्यावरच्या जोडप्याला नावे ठेवणारी पती-पत्नी म्हणजे आजचे काशीकर दांपत्य होय.

दुसरी गोष्ट प्रोफेसर दामले यांची. ते नाटकात येतच नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी आहे. ज्याने निम्मा भार उचलावयाचा तो पुरुष साक्षीलाही नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची कथा वाचकांना ठाऊक आहे. तेथेही स्त्रीला एकटीलाच आणले होते. तिच्याबरोबरचा पुरुष त्या जमावात कोठे होता हे कोणी विचारले नाही. लोकांसमोर भरवलेल्या न्यायालयाची ही खूणच म्हणावी लागेल. जो हाती लागतो, ज्याला लाज वाटते, त्याचाच न्याय होतो. प्रभूने त्या स्त्रीच्या पापाला पाप नाही असे म्हटले नाही. पण आधी त्याने जमाव पांगवला आणि ती एकटी उरल्यावरच तिच्याशी बोलला. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

कोणी म्हणेल की लेखकाला दूरचित्रवाणीचाच राग दिसतो. तसे नाही. ‘झी मराठी’वरील ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम २००४ ते २०२२ अशी अठरा वर्षे चालला. आदेश बांदेकर घरोघरी जात आणि त्यांना सारा महाराष्ट्र ‘भावोजी’ म्हणे. या एका संबोधनात त्या कार्यक्रमाचे यश होते असे मला वाटते. आलेला माणूस परीक्षक नव्हता, नातेवाईक होता. नवऱ्याच्या खोड्या तेथेही निघत, बायको लटक्या रागाने बोले, उखाणे होत, खेळ होत. पण निकाल जोडप्याच्या विरुद्ध कधी लागत नसे. शेवटी गृहिणीच्या अंगावर पैठणी येई. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात मागावर बसलेल्या विणकऱ्यांचे हात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना एका पैठणीत किती दिवसांचे काम असते हे ठाऊक आहे. ज्या बाईचे नाव वर्षानुवर्षे कोणी विचारले नाही तिला असे वस्त्र देऊन तिच्या माणसांसमोर मान देणे ही लहान गोष्ट नव्हती. त्या कार्यक्रमातही जाहिरात होती, त्यातही तोचतोचपणा आला. तरीही घरात शिरताना चपला बाहेर काढण्याचे सौजन्य त्याने पाळले.

आता हा प्रकार आपल्या अंगणातही आला आहे, म्हणून हे लिहिणे आवश्यक झाले. धर्मग्रामांच्या सणांत आणि कुटुंब-मेळाव्यांत दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांची नक्कल करणारी प्रहसने आपली तरुण मुले हौसेने बसवतात. असे एक प्रहसन मी पाहिले. एक निवेदक, काळा कोट घातलेला परीक्षक, हातात लाटणे म्हणजेच न्यायाचा हातोडा, आणि ‘ज्याला जास्त टाळ्या तो जिंकला’ असा नियम. पहिले जोडपे गॅसचे सिलिंडर संपल्यावर नंबर कोणी लावायचा यावरून भांडले. सभागृह पोट धरून हसले. दुसरे जोडपे सासूच्या औषधाच्या खर्चावरून भांडले. तेव्हाही लोक हसले. तिसऱ्या जोडप्यातली बायको दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याविषयी बोलू लागली आणि तिने वापरलेला एक शब्द, एक लकब बहुतेकांना ओळखीची वाटली. हसणे थांबले नाही, पण त्याचा आवाज बदलला. काही माथी एका बाजूला वळली. त्या बाजूला बसलेली एक स्त्री पाण्याचा पेला घेण्याच्या निमित्ताने उठून गेली. मुलांच्या मनात दुष्टावा नव्हता. लिहिणाऱ्याने ती लकब नकळत उचलली असेल. तथापि त्या क्षणी ते प्रहसन राहिले नाही. पहिल्या जोडप्यात सारे सभागृह स्वतःला पाहत होते. तिसऱ्या जोडप्यात सारे सभागृह एका घराकडे पाहत होते. उपहास आणि चव्हाटा यांमधली सीमारेषा इतकी बारीक असते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. घरचे भांडण घरात राहावे, हा उपदेश आजवर कोणाच्या सोयीचा ठरला? बहुधा बलवानाच्या. मार खाणाऱ्या बाईला ‘चार भिंतींच्या आत मिटवा’ असे सांगणाऱ्यांत शेजारी, पंच आणि कधीकधी धर्माची माणसेही होती. आपल्याच इतिहासात रखमाबाईंचे उदाहरण आहे. बालपणी झालेल्या विवाहानंतर पतीकडे नांदण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ साली पती दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. पुढे अपिलात ते उलटले आणि १८८७ साली नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात, असा आदेश झाला. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. या खटल्यात वृत्तपत्रांनी त्यांचा संसार चव्हाट्यावर आणला, टीकेची राळ उडवली. पण त्याच वृत्तपत्रांत १८८५ साली ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने त्यांनी स्वतः पत्रे लिहिली आणि बालविवाहाचा प्रश्न देशापुढे ठेवला. त्या गप्प राहिल्या असत्या तर तो अन्याय घरातला म्हणून घरातच राहिला असता.

म्हणून भांडण आणि अन्याय यांत भेद केलाच पाहिजे. जेथे मारहाण आहे, छळ आहे, उपासमार आहे, तेथे ते घराबाहेर गेलेच पाहिजे. त्यासाठी २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा आहे, पोलीस आहेत, न्यायालय आहे. अशा वेळी दार लावून घ्यायला सांगणे हे पाप होय. परंतु जेथे दोन थकलेल्या माणसांचे एकमेकांशी पटत नाही एवढेच आहे, तेथे प्रेक्षकांची गरज नाही. या कार्यक्रमांचा खरा दोष हा की त्यांना हा भेद करताच येत नाही. सिलिंडरचे भांडण आणि दारूचा मार दोन्ही त्यांना सारखेच रंजक. क्षुल्लक गोष्ट त्यांच्या हाती मोठी होते आणि मोठी गोष्ट गमतीची होते. रखमाबाईंनी आपली गोष्ट आपल्या शब्दांत, आपल्या हेतूने सांगितली. या कार्यक्रमात गोष्ट जोडप्याची असते, शब्द निवेदकाचे असतात आणि हेतू वाहिनीचा असतो.

ज्यांना निकाल देण्याचा खरा अधिकार आहे ते काय करतात, हेही पाहण्यासारखे आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायाधीशावर प्रथम समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकले आहे, आणि पती-पत्नीपैकी एकानेही मागणी केली तर सुनावणी बंद दाराआड घेणे बंधनकारक केले आहे. आपल्या ख्रिस्तसभेच्या न्यायमंडळातही न्यायाधीश आणि सर्व सेवक गोपनीयतेने बांधलेले असतात. म्हणजे ज्याला अधिकार आहे तो दार लावून घेतो, आणि ज्याला अधिकार नाही तो दार सताड उघडतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने तंट्याच्या पायऱ्याच घालून दिल्या आहेत. आधी दोघांनी एकान्तात बोलावे. तेथे जमले नाही तर एक-दोघांना सोबत घ्यावे. तेही निष्फळ ठरले तरच मंडळीपुढे जावे. दूरचित्रवाणीवरील निवाडा शेवटच्या पायरीपासून सुरू होतो, आणि ती मंडळीही नसते. ते गिऱ्हाईक असते.

कोणी विचारील, आपला विवाह तर मंदिरात, साऱ्या लोकांसमोर होतो. आधी जाहीर घोषणा होते, दोन साक्षीदार सही करतात. मग संसाराची सुरुवात जर जाहीर, तर त्यातले भांडण खाजगी का? प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर असे की साक्षीदार वचनाचे असतात, उणिवांचे नव्हेत. ज्यांनी वचन ऐकले त्यांच्यावर ते वचन सांभाळण्यास मदत करण्याची जबाबदारी येते. ते निभावले जाते की मोडते यावर पैज लावण्याचा हक्क त्यांना मिळत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस जोडप्यांना तीन शब्द वारंवार सांगत असत. परवानगी विचारा, आभार माना, क्षमा मागा, असा त्यांचा आशय. २०१६ च्या ‘आमोरिस लेतिसिया’ या पत्रातही ते आले आहेत. या तीन शब्दांपैकी तिसरा शब्द कोणत्याही भांडणाच्या कार्यक्रमाचा शत्रू आहे. एकाने मनापासून क्षमा मागितली की कार्यक्रमाला पुढे काही उरत नाही. म्हणून तो शब्द तेथे लांबवला जातो, किंवा शेवटी संगीताच्या साथीने असा काही म्हणवून घेतला जातो की त्यातली लाज आणि त्यातली सुटका दोन्ही निघून जातात.

मग जोडप्यांच्या भांडणावर उपहास लिहूच नये काय? अवश्य लिहावा. नाशिकच्या एच. पी. टी. महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्रा. वसंत कानेटकरांनी ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ आणि ‘लेकुरे उदंड जाली’ यांसारख्या नाटकांतून संसारातले रुसवे-फुगवे रंगवले आणि महाराष्ट्राला मनमुराद हसवले. त्याही आधी, याच गोदावरीच्या काठी पैठणला, एकनाथ महाराजांनी भारुडात सासुरवाशिणीला भवानीपुढे नवस बोलायला लावले आणि तिच्या तोंडून सासरच्या एकेकाची अशी काही विल्हेवाट लावली की ऐकणाऱ्या सासवाही हसल्या असतील. या सर्वांत तीन गोष्टी समान दिसतात. जोडपे कल्पिलेले आहे, म्हणून कोणाच्या घराकडे मान वळत नाही. हसू माणसाच्या स्वभावाला आहे, म्हणून हसणारा स्वतः त्यातून सुटत नाही. आणि अखेरीस कोणी जिंकत नाही. फार तर दोघेही थोडे शहाणे होतात.

ज्या तरुणांना अशा निवाड्याच्या कार्यक्रमावर प्रहसन लिहावयाचे आहे त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की उपहासाचा रोख जोडप्यावर न ठेवता खुर्चीवर ठेवावा. परीक्षकाला रंगवा. दर दोन मिनिटांनी घरून येणारा बायकोचा फोन तोडणारा, संसारावर तासभर व्याख्यान देणारा आणि रात्री घरी जाण्यास घाबरणारा परीक्षक रंगवा. टाळ्या वाजवणाऱ्यांना रंगवा. आपल्या शेजारी बसलेल्या जोडीदाराकडे न पाहता पडद्यावरच्या बायकोची बाजू घेणारा नवरा रंगवा. मंचावरचे जोडपे या सगळ्या गोंगाटात हळूच उठून, सिलिंडरचा नंबर दोघांनी मिळून लावायला निघून गेले आणि परीक्षक, निवेदक व प्रेक्षक निकालावरून आपापसात भांडत राहिले, तर त्या प्रहसनाला सभागृह हसेल, आणि पाण्याचा पेला घेण्यासाठी कोणाला उठावे लागणार नाही.